आलेख ऐकवायचा कसा? वर्णन लिहिण्याचे टप्पे आणि नेहमीच्या चुका

“स्तंभालेखाचे चित्र.”

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या अहवालांमध्ये दृष्टिहीन वाचकांसाठी आलेखाचं म्हणून जे वर्णन असतं, ते बहुतेक वेळा एवढंच असतं. त्याच्या खालोखाल नंबर लागतो “निळ्या व केशरी रंगातील आकर्षक आलेख” या वाक्याचा. पहिल्यातून काही कळत नाही आणि दुसऱ्यातून नको ते कळतं.

एकदा मी एका दृष्टिहीन सहकाऱ्याशेजारी बसून त्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ऐकत होते. पान छान वाचलं जात होतं. “पुढील आलेखावरून हे स्पष्ट होते” इथपर्यंत आवाज आला आणि मग म्हणाला, “ग्राफिक, चार्ट थ्री फायनल न्यू.” फाइलचं नाव! ते हसले. म्हणाले, “ताई, आता मुद्दा येणार असं वाटतं ना, नेमका तिथेच खड्डा लागतो बघा.”

हा खड्डा बुजवायचं काम शिक्षकांना, संस्थांचे वार्षिक अहवाल लिहिणाऱ्यांना, कार्यालयात सादरीकरणं करणाऱ्यांना आणि बातम्यांच्या डेस्कवरच्या लोकांना करावं लागतं. ते अवघड नाही, पण बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. उदाहरणांसाठी महाराष्ट्राच्या जनगणनेचे आकडे घेतले आहेत.

## टप्पा १ : आलेख बाजूला ठेवा, तक्ता उघडा

चित्राकडे बघत लिहायला बसलात की हात आपोआप रंग, जाडी, उंची यांच्याकडे वळतो. म्हणून आधी ज्या आकड्यांवरून आलेख काढला ती एक्सेलची शीट मागवा आणि कागदावर एवढं उतरवून घ्या:

- काय मोजलं आहे आणि एकक काय (कोटी, टक्के, दर हजारी)
- कुठली वर्षं किंवा कुठले गट
- किती मालिका आहेत (एकच रेषा, की स्त्री-पुरुष अशा दोन)
- उभा अक्ष कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो
- सगळे आकडे
- एखादं वर्ष गाळलंय का, काही आकडे अंदाजाचे आहेत का
- आकडे कुणाचे

आपल्या पहिल्या उदाहरणाचा कागद असा होईल. महाराष्ट्राची लोकसंख्या, जनगणनेनुसार, कोटींमध्ये:

१९६१ : ३.९६
१९७१ : ५.०४
१९८१ : ६.२८
१९९१ : ७.८९
२००१ : ९.६९
२०११ : ११.२४

शीट मिळालीच नाही आणि हातात नुसतं चित्र असेल, तर पट्टी लावून आकडे वाचा आणि प्रत्येक आकड्याआधी “सुमारे” लिहा. चित्रावरून वाचलेल्या आकड्याला दशांश चिन्हापुढे दोन स्थळं देणं म्हणजे शुद्ध थाप.

तपासा : शीट आणि आलेख एकाच आवृत्तीचे आहेत ना? महाराष्ट्रातल्या शून्य ते सहा वयोगटाचं २०११ चं लिंग गुणोत्तर हंगामी आकड्यांत ८८३ होतं, अंतिम आकड्यांत ८९४ झालं. आलेखात एक आणि वर्णनात दुसरं, असा घोळ मी पाहिला आहे. पाहणाऱ्याला एक आकडा आणि ऐकणाऱ्याला दुसरा मिळाला, तर चर्चेत दोघंही एकमेकांना चूक ठरवतात.

## टप्पा २ : हा आलेख इथे कशाला टाकलाय?

उत्तर एका वाक्यात लिहा. हा टप्पा सगळ्यांत जास्त वगळला जातो आणि पुढची निम्मी वर्णनं त्यामुळेच फसतात.

वरचेच सहा आकडे घ्या. पाणीपुरवठ्याच्या अहवालात हा आलेख असेल, तर वाक्य होईल: “पन्नास वर्षांत राज्याची लोकसंख्या पावणेतीनपटीहून जास्त झाली.” लोकसंख्यावाढ मंदावल्याबद्दलच्या लेखात तोच आलेख आला, तर: “लोकसंख्या वाढत राहिली, पण २००१ ते २०११ या दशकातली भर आधीच्या दशकापेक्षा कमी होती.” आणि गणिताच्या पुस्तकात आला, तर मुद्दा लोकसंख्येचा नसतोच. तिथे अक्ष, प्रमाण आणि बिंदू कसे मांडलेत ते महत्त्वाचं.

एका आलेखाची ही तीन वर्णनं होतील. म्हणून “या आलेखाचं वर्णन लिहून द्या” असं सांगून कुणी नुसतं चित्र पाठवलं, तर मी आधी ते पान मागते. पानावरचा मजकूर वाचला की हेही कळतं की आकडे वरच्या परिच्छेदात आधीच देऊन झालेत का. दिले असतील तर तेच पुन्हा ऐकवू नका. “आकडे वरच्या परिच्छेदात आले आहेत” एवढं सांगून पुढे जा. कानाने वाचणाऱ्या माणसाला नजर टाकून परिच्छेद ओलांडता येत नाही, हे विसरू नका.

खूप डोकं खाजवूनही ते एक वाक्य सुचलं नाही, तर आलेखच काढून टाका. खरंच. कित्येक अहवालांत आलेख पान भरायला टाकलेले असतात.

सावधान : आलेखात नसलेलं कारण वर्णनात घुसवू नका. “कुटुंबनियोजनाच्या प्रसारामुळे वाढ मंदावली” हे कदाचित तुमच्या लेखात असेल, पण त्या सहा बिंदूंमध्ये ते नाही. पाहणाऱ्याला जेवढं दिसतं तेवढंच ऐकणाऱ्याला मिळालं पाहिजे. त्याहून कमी नको, तसं तुमचं मतही नको.

## टप्पा ३ : वर्णनं दोन, जागा दोन

एकाच वर्णनात सगळं कोंबायला गेलं की ते ना धड छोटं राहतं, ना पुरेसं होतं. दोन लिहा.

छोटं वर्णन एक-दोन वाक्यांचं असतं. ते चित्राच्या आत, ‘ऑल्ट टेक्स्ट’च्या (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या मजकुराच्या) चौकटीत जातं. त्यात तीनच गोष्टी हव्यात: आलेखाचा प्रकार, विषय आणि टप्पा २ मधलं ते वाक्य. शिवाय लांब वर्णन कुठे आहे तेही सांगा.

चुकलेलं: “या चित्रामध्ये महाराष्ट्राच्या लोकसंख्येचा आलेख दाखवण्यात आलेला आहे.”

बरोबर: “रेषालेख : महाराष्ट्राची लोकसंख्या, १९६१ ते २०११. ३.९६ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली, शेवटच्या दशकात भर कमी झाली. सविस्तर वर्णन आलेखाखाली.”

“या चित्रामध्ये” लिहायची गरज नसते, कारण ‘ग्राफिक’ हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. प्रकार मात्र सांगायचा. तो चित्र आहे एवढंच सांगतो, रेषालेख आहे हे नाही.

लांब वर्णन आलेखाखाली साध्या मजकुरात जातं. ऑल्टच्या चौकटीत परिच्छेद, यादी, तक्ता असं काही टिकत नाही, सगळं एका दमात वाचलं जातं. सहा वर्षं आणि सहा आकडे तिथे लिहिले, तर ऐकणाऱ्याला मधल्या एका आकड्यावर नेमकं परत जाता येत नाही. मजकुरात लिहिलं तर येतं. आणि उघड्यावर ठेवलेलं वर्णन इतरांनाही उपयोगी पडतं. आलेख बघून गांगरणारे डोळस वाचक काही थोडे नाहीत.

## टप्पा ४ : लांब वर्णनाचा क्रम

क्रम असा: चौकट, मुख्य मुद्दा, तपशील, वेगळं काही असेल तर ते, आणि शेवटी तक्ता.

पूर्वी मी आकड्यांपासून सुरुवात करायचे. ऐकणाऱ्यांनी सांगितलं की एकक आणि अक्ष माहीत नसताना कानावर पडलेले आकडे लटकत राहतात, ते टांगायला खुंटी नसते. म्हणून आधी चौकट. मुद्दा छोट्या वर्णनात सांगून झालेला असतो, त्यामुळे इथे चौकट पुढे आली तरी वाचकाला ताटकळत राहावं लागत नाही.

पूर्ण उदाहरण:

> हा रेषालेख आहे. आडव्या अक्षावर १९६१ ते २०११ ही जनगणनेची सहा वर्षं, दर दहा वर्षांनी एक. उभ्या अक्षावर महाराष्ट्राची लोकसंख्या, शून्य ते १२ कोटी.
>
> रेषा डावीकडून उजवीकडे सतत चढते, कुठेही खाली येत नाही. पन्नास वर्षांत लोकसंख्या ३.९६ कोटींवरून ११.२४ कोटींवर, म्हणजे पावणेतीनपटीहून जास्त झाली.
>
> १९७१ साली तिने ५ कोटींचा टप्पा ओलांडला आणि २००१ पर्यंत ती ९.६९ कोटींवर पोचली. १९९१ ते २००१ या दशकात सुमारे १.८ कोटींची भर पडली.
>
> २००१ ते २०११ या शेवटच्या भागात रेषेचा चढ किंचित कमी होतो. या दशकातली भर सुमारे १.५५ कोटी.
>
> सहाही वर्षांचे आकडे खालच्या तक्त्यात आहेत. आकडे जनगणनेचे.

यात सहापैकी तीनच आकडे नेमके सांगितलेत, बाकीचे तक्त्यावर सोडले. सगळे आकडे वाक्यांत ओतणं ही दुसऱ्या टोकाची चूक. “१९६१ साली अमुक, १९७१ साली तमुक” अशी माळ ऐकताना तिसऱ्या आकड्याला पहिला विसरतो. आणि “चढ किंचित कमी होतो” हे दृश्य वर्णन मुद्दाम ठेवलं आहे. बैठकीत दुसरा कुणी “बघा, रेषा इथे वाकते” म्हणाला, तर ऐकणाऱ्याला कळायला हवं की तो कशाबद्दल बोलतोय.

रंग? रंगावाचून अर्थ लागत असेल तर गाळा. “लाल रेषा” सांगायचीच असेल, तर “लाल रेषा म्हणजे ग्रामीण” असं पूर्ण सांगा. पण मुळात आलेखातच नुसत्या रंगावर फरक सोपवू नका, रेषेच्या टोकाशी नाव लिहा. लाल-हिरव्यात फरक न कळणारा माणूस स्क्रीन रीडर वापरत नसतो, त्याच्यापर्यंत तुमचं वर्णन पोचणारही नाही.

तपासा : तुटक रेषा, ठिपक्यांचा भाग, फिकट स्तंभ यांना बहुधा अर्थ असतो. २०११ पुढे रेषा तुटक करून नेली असेल, तर “पुढचा भाग अंदाज आहे, जनगणना नाही” हे सांगितलंच पाहिजे. हे राहिलं तर ऐकणारा अंदाजाला मोजणी समजून बसेल.

## टप्पा ५ : प्रकार बदलला की वर्णनाची चाल बदलते

रेषालेखात दिशा सांगायची: चढ, उतार, वळण, शिखर. साध्या स्तंभालेखात तुलना सांगायची: सर्वांत मोठा कोण, सर्वांत छोटा कोण, कोण एकमेकांच्या जवळ. स्तंभ मोठ्यापासून छोट्यापर्यंत लावलेत की वर्णानुक्रमे, हे सांगायला लोक विसरतात.

जोडस्तंभालेखात सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे जरा थांबू. महाराष्ट्राचा साक्षरता दर घ्या. २००१ : पुरुष ८५.९७ टक्के, स्त्रिया ६७.०३ टक्के. २०११ : पुरुष ८८.३८, स्त्रिया ७५.८७. चार स्तंभ, दोन जोड्या. जोडी वर्षाची की लिंगाची? हे आधी ठरवा आणि तीच चाल शेवटपर्यंत ठेवा.

चुकलेलं: “२००१ मध्ये पुरुष साक्षरता ८५.९७ होती, स्त्रियांची २०११ मध्ये ७५.८७ झाली, तर पुरुषांची ८८.३८ आणि २००१ मध्ये स्त्रियांची ६७.०३ होती.”

आकडे सगळे बरोबर आहेत, आणि ऐकून काहीही कळत नाही. आता वर्षाच्या जोडीने:

> २००१ साली पुरुषांचा साक्षरता दर ८५.९७ टक्के आणि स्त्रियांचा ६७.०३ टक्के, अंतर जवळपास १९ अंकांचं. २०११ साली पुरुष ८८.३८ टक्के, स्त्रिया ७५.८७ टक्के, अंतर साडेबारा अंकांवर आलं. दोन्ही दर वाढले, स्त्रियांचा जास्त वाढला.

दोन्ही वर्षांत आधी पुरुष, मग स्त्रिया, मग अंतर. एकदा चाल कळली की कान पुढचं स्वतःच जुळवून घेतो. सहा-सात जोड्या असतील तर सगळ्या सांगत बसू नका, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी अंतराची जोडी सांगा आणि उरलेलं तक्त्यात ठेवा.

वृत्तालेखात “मोठी फाक”, “छोटी फाक” नको. पूर्ण वर्तुळ म्हणजे काय ते आधी, मग वाटे मोठ्यापासून छोट्यापर्यंत: “वर्तुळ म्हणजे २०११ ची राज्याची लोकसंख्या. ग्रामीण ५४.८ टक्के, नागरी ४५.२ टक्के.” झालं. लांब वर्णन लागतच नाही.

विभाजित स्तंभालेखात आधी एकूण उंचीची गोष्ट, मग आतल्या भागांची. दोन्ही एका वाक्यात नको.

क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे आकड्यानुसार जिल्ह्यांना फिकट-गडद छटा दिलेल्या नकाशात, ३६ जिल्हे वाचून दाखवू नका. गट किती, प्रत्येक गटाची मर्यादा काय, गडद छटा कुठे एकवटली आहे (कोकण, विदर्भ अशा विभागांनी सांगा) आणि त्या विभागात वेगळा पडणारा एखादा जिल्हा. जिल्हावार आकडे तक्त्यात.

विखुरलेल्या ठिपक्यांच्या आलेखात ठिपके मोजू नका. एक वाढलं की दुसरं वाढतं का, ठिपके दाट आहेत की पसरलेले आणि घोळक्याबाहेर कोण, एवढं पुरतं.

## टप्पा ६ : शून्य कुठे आहे?

स्वतंत्र टप्पा केलाय, कारण हे तपासायचं कुणाला आठवतच नाही.

महाराष्ट्रातलं शून्य ते सहा वयोगटाचं लिंग गुणोत्तर, म्हणजे दर हजार मुलग्यांमागे मुली: १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. याचा स्तंभालेख काढताना उभा अक्ष ८८० पासून सुरू केला, तर पहिला स्तंभ ६६ एककं उंच होतो आणि शेवटचा १४. डोळ्याला वाटतं, पाचपट होतं ते एकपट झालं. प्रत्यक्षात घट ५२ ची आहे, म्हणजे साडेपाच टक्के. मुलींच्या संख्येत हजारामागे ५२ ची घट गंभीरच आहे, तिला फुगवून दाखवायची काहीच गरज नाही.

वर्णनात दोन्ही हवं, खरा आकडा आणि चित्र कसं दिसतं तेही:

> उभा अक्ष शून्यापासून नाही, ८८० पासून सुरू होतो, त्यामुळे स्तंभांच्या उंचीतला फरक प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा दिसतो.

हे वाक्य गाळलं, तर सभागृहात सगळे “बापरे, केवढी घसरण” म्हणतात आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की ५२ च्या घटीवर एवढं काय झालं. माझं मत विचाराल, तर हे वाक्य लिहावं लागलं की मागे जाऊन आलेखच दुरुस्त करावा. पण वर्णन लिहिणाऱ्याला तेवढा अधिकार बहुधा नसतो.

## टप्पा ७ : कानासाठी लिहा

आता मसुदा मोठ्याने वाचा. डोळ्याला चालतं ते कानाला चालेलच असं नाही.

चिन्हं. “०-६ वयोगट” मधली आडवी रेघ कुठला आवाज गिळतो, कुठला ‘डॅश’ म्हणतो, तर कुठला ‘वजा’. “शून्य ते सहा वयोगट” लिहा. “२००१-११” चं “२००१ ते २०११” करा. टक्क्याच्या चिन्हाऐवजी “टक्के”. कि.ग्रॅ., हे., द.ल.घ.मी. ही संक्षिप्त रूपं पूर्ण लिहा.

मोठे आकडे. ११,२३,७४,३३३ हा आकडा स्वल्पविरामांपाशी तुटून चार वेगळे आकडे ऐकू येण्याची शक्यता असते. वाक्यात “११.२४ कोटी” लिहा, पूर्ण आकडा तक्त्यात ठेवा. आपल्याकडे सव्वा, दीड, पाऊण, अडीच ही सोय आहे ती वापरा: “जवळपास सव्वा अकरा कोटी” हे कानाला लगेच पकडता येतं.

टक्क्यांची फसगत. स्त्रियांची साक्षरता “८.८४ टक्क्यांनी वाढली” असं लिहिलं, तर ६७.०३ चे ८.८४ टक्के की ६७.०३ अधिक ८.८४? दोन्ही टोकं सांगा: “६७.०३ टक्क्यांवरून ७५.८७ टक्क्यांवर गेली.” भांडण मिटलं. तसंच “तीनपटीने वाढली” याचे दोन अर्थ निघतात, “तिप्पट झाली” याचा एकच निघतो.

जागा दाखवणारे शब्द. “बाजूच्या आकृतीत” याला मोबाइलवर काही अर्थ नसतो, कारण तिथे बाजूची आकृती खाली गेलेली असते. “आकृती ३ मध्ये” लिहा.

फॉन्ट. हे मराठीचं खास दुखणं. जुन्या, युनिकोड (कुठल्याही यंत्रावर मराठी अक्षर मराठीच राहील अशी प्रमाण पद्धत) नसलेल्या, छपाईसाठीच्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर सुंदर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. तुम्ही कितीही चांगलं वर्णन लिहा, ऐकणाऱ्याला कचरा मिळतो. परीक्षा सोपी आहे: दोन ओळी कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. तिथे मराठी दिसली नाही, तर फाइल युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ८ : योग्य जागी बसवा

वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये आलेखावर उजवी टिचकी मारून ‘व्ह्यू ऑल्ट टेक्स्ट’ किंवा ‘एडिट ऑल्ट टेक्स्ट’ निवडा, छोटं वर्णन तिथे टाका. वर्ड कधी कधी स्वतःच इंग्रजीत काहीतरी भरून ठेवतं, “चार्ट, लाइन चार्ट” असलं. ते पुसा. आलेखाला ‘डेकोरेटिव्ह’ ही खूण कधीही करू नका, ती पानाच्या नक्षीसाठी आहे. गूगल डॉक्समध्ये चित्र निवडून कंट्रोल, ऑल्ट आणि वाय एकत्र दाबा.

तक्ता खरा तक्ता असू द्या. तक्त्याचा फोटो चिकटवला तर पुन्हा चित्रच झालं. पहिली ओळ शीर्षक-ओळ म्हणून नेमा, म्हणजे आकड्याबरोबर तो कुठल्या रकान्यातला ते ऐकू येतं. दोन घरं जोडून एक करण्याचा मोह टाळा.

पीडीएफ करताना ‘प्रिंट टू पीडीएफ’ नको. त्यात ऑल्ट आणि तक्त्याची रचना गळून जाते. ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ निवडा आणि पर्यायांमध्ये सुगम्यतेच्या टॅगची खूण आहे ना ते बघा.

व्हॉट्सॲपच्या गटात आलेख टाकणार असाल, तर छोटं वर्णन चित्राखालच्या मजकुरात आणि मोठं पुढच्या संदेशात. वेगळी चौकट शोधत बसू नका.

सावधान : मागच्या वर्षीची फाइल उघडून आलेखाचे आकडे बदलले, तरी ऑल्टमधलं वर्णन जुनंच राहतं. ते डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या स्वतःच्या हातून एकदा असा अहवाल छपाईला गेला आहे. आलेख नव्या वर्षाचा, वर्णन जुन्याचं. तेव्हापासून ऑल्टच्या सुरुवातीलाच वर्ष लिहिते.

## परीक्षेसाठी लिहीत असाल तर

इथे टप्पा २ उलटा फिरवावा लागतो. “सर्वांत जास्त वाढ कोणत्या दशकात झाली?” हा प्रश्न असेल आणि वर्णनातच “सर्वांत जास्त वाढ १९९१ ते २००१” लिहिलं, तर उत्तर फोडलंत. प्रश्न आधी वाचा, मग वर्णन लिहा. चौकट आणि आकडे द्या, निष्कर्ष देऊ नका. दुसरी बाजूही सांभाळा: डोळस विद्यार्थ्याला नुसत्या नजरेने जे दिसतं, ते दृष्टिहीन मुलाला दहा वजाबाक्या करून काढावं लागत असेल, तर वेळ वाढवून द्या किंवा प्रश्न बदला. लेखनिक आलेख वाचून दाखवणार असेल, तर त्याच्या हातात लिहिलेलं वर्णन द्या. त्याने आयत्या वेळी स्वतःच्या शब्दांत सांगितलं, तर प्रत्येक केंद्रावर वेगळा आलेख तयार होतो.

## टप्पा ९ : दोन तपासण्या

पहिली यंत्राची. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो. एनव्हीडीए चालू करून वेबपान उघडा आणि ‘जी’ ही कळ दाबत राहा, तो एका चित्रावरून पुढच्या चित्रावर नेतो. ‘टी’ तक्त्यावर नेते. पडदा बंद करून ऐका. फाइलचं नाव ऐकू आलं, एखादा आलेख मुकाच गेला, मराठी मजकूर इंग्रजी आवाजात तुटक वाचला गेला, तर टप्पा ७ आणि ८ पुन्हा.

दुसरी माणसाची. ज्याने आलेख पाहिलेला नाही अशा कुणालातरी फोन लावा. कागद-पेन्सिल घ्यायला सांगा आणि लांब वर्णन एकदाच, नेहमीच्या वेगाने वाचा. मग त्याने काढलेल्या रेषेचा फोटो मागवा. माझ्या बहिणीने एकदा लोकसंख्येची रेषा शेवटी चक्क खाली आणली होती. मी लिहिलं होतं, “शेवटच्या दशकात वाढ घटली.” ‘घटली’ एवढंच तिच्या कानात राहिलं. ते वाक्य “लोकसंख्या वाढलीच, पण भर आधीच्या दशकापेक्षा कमी” असं केलं आणि दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन लावला. त्याची रेषा वरच गेली, शेवटाकडे जराशी कललेली.